निम्मं गाव

"आता तुमच्या गावचं मशीन," जाळीपलीकडून साहेब म्हणाले आणि अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

मी पेन सरसावून बसले. सरकारी धान्याच्या गोदामात मतमोजणी चालली होती. आत ओळीनं टेबलं, टेबलांपुढं तारेची जाळी. जाळीच्या आत मोजणारी सरकारी माणसं आणि बाहेर उमेदवारांची माणसं, म्हणजे आम्ही. आमचे उमेदवार बापूसाहेब नलवडे, निशाणी कपबशी. समोर छत्रीवाले आमदार. दोघांनाही पक्षांनी तिकीट नाकारलेलं, दोघंही अपक्ष उभे राहिलेले आणि खरी झुंज त्या दोघांतच. बाकीचे चार-पाच जण नुसतं मशीनवर नाव यावं म्हणून उभे होते.

मशीनवरची ही आमची पहिली विधानसभा. अण्णांना मोजणीचा जुना अनुभव होता, पण तो कागदी मतांचा. तेव्हा पेट्या उघडल्या की बऱ्याच गावांच्या मतपत्रिका एकत्र ओतायच्या, पिठासारख्या कालवायच्या आणि मग मोजायच्या. कुठल्या गावानं कुणाला हात दिला ते कुणाला कळू नये, म्हणून ती रीत होती. मशीनला कालवणं ठाऊक नाही. आमचं एक गाव, एक मशीन आणि एक आकडा. अण्णांना त्याचा कोण आनंद! "आज तालुक्याला दिसंल खैरवडी काय चीज हाय ती," असं सकाळपासून ते भेटेल त्याला सांगत होते.

आणि का सांगू नये? मतदानाच्या आधी खंडोबाच्या देवळात दोन-तीन घरं सोडली तर अख्ख्या गावानं भंडारा उचलला होता. आमच्याकडं ही शपथ फार कडक. घरचा कर्ता पुरुष देवापुढची हळद, म्हणजे भंडारा, मुठीत घेतो आणि म्हणतो, माझ्या घरची सगळी मतं अमक्याला. एकदा तो म्हणाला की घर बांधलं गेलं. म्हातारी, बायको, सून, लेक, सगळं त्यात आलं. अण्णांनीच घरोघर फिरून कर्त्या माणसांना देवळात आणलं होतं आणि पहिली मूठ स्वतः उचलली होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील दिनकर भोईटे, बापूसाहेबांच्या डेअरीचं आमच्या गावातलं दूध संकलन बघायचे. त्यात आता ते बापूसाहेबांचे व्याही होणार होते. बापूसाहेबांचा पुतण्या रणजित आणि मी, आमची सुपारी गणपतीत फुटली होती आणि तुळशीचं लग्न झालं की आमचं. रणजितला आईबाप नव्हते, चुलत्यानंच वाढवलेलं. तो डेअरी सांभाळायचा. लाल मोटरसायकल होती, मानेवर रुळणारे केस होते आणि माझ्याशी बोलताना तो आवाज एकदम खाली आणायचा. सरळ सांगते, मी वेडी झाले होते. वीस वर्षांची होते, होणारच की! शेजारच्या तारामावशीची सुली त्याच डेअरीत दुधाची फॅट तपासायच्या कामाला होती, पण तिनं मला त्याच्याबद्दल कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं. पुढं ती मामाकडं गेली ती तिकडचीच झाली, माझ्या सुपारीलासुद्धा आली नाही. त्याचा मला भारी राग होता.

मी बी.कॉम.ला होते, बेरजा पटापट करायचे, म्हणून बापूसाहेबांनीच मला मोजणीला बसवलं होतं. "घरचीच पोर हाय आता," असं म्हणाले होते. हे ऐकून मी दोन दिवस हवेत होते.

साहेबांनी रिझल्टचं बटन दाबलं. पहिल्या दोन उमेदवारांना किरकोळ मतं. तिसरी छत्री.

"तीनशे चौऱ्याण्णव," साहेबांनी वाचलं.

"काय?" अण्णा जाळीला चिकटले. "साहेब, नीट बघा. ते आमचं न्हाई. दुसऱ्या गावचं आलं असंल."

साहेबांनी मशीनवरची चिठ्ठी दाखवली. खैरवडी. खाली सील, वर केंद्राचा नंबर, सगळं आमचंच. पुढं कपबशी आली. चारशे चार.

मी लिहायचं विसरले. पलीकडं बसलेला छत्रीचा माणूस तोंडावर हात ठेवून हसत होता. आठशे मतांच्या गावात छत्रीला दहा-वीस मतं पडतील असा त्यांचा हिशोब होता, कारण भंडारा न उचललेल्या त्या दोन-तीन घरांत तेवढीच मतं होती. इथं तर निम्मं गाव फुटलं होतं.

दुपारी निकाल लागला आणि बापूसाहेब दीडशे मतांनी पडले. आमच्या गावानं शब्द पाळला असता तर ते आरामात आले असते. हे सांगायला बी.कॉम. लागत नव्हतं. गोदामाबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते कळलं होतं.

आणि तेवढ्यात ते झालं. आम्ही बाहेर पडलो तर छत्रीवाल्यांचा ताशा वाजत होता, गुलाल उधळणं चालू होतं. त्यांच्यातला एक जाडजूड माणूस गर्दीतून वाट काढत आला, त्यानं अण्णांना मिठी मारली आणि मूठभर गुलाल कपाळाला फासला. "दिनकरराव, खैरवडीनं तारलं बघा आम्हाला! उपकार इसरायचो न्हाई!"

"अरे, सोड! कोण रं तू?" अण्णा त्याला ढकलत होते. पण बापूसाहेबांची जीप समोरच होती आणि जीपला टेकून रणजित उभा होता. त्यानं सगळं बघितलं.

बापूसाहेब जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत. अगदी शांत आवाजात म्हणाले, "दिनकरराव, गुलाल पुसा. तो आपला न्हाई."

"बापूसाहेब, खंडोबाची आण, मला ह्यातलं काय ठाऊक न्हाई."

"उद्या देवळात येतो मी. सगळ्यांनी परत भंडारा उचलायचा. काय असंल ते देवापुढं होऊ द्या." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तवर सोयरिकीचं काय बोलायला नको."

मी रणजितजवळ गेले. "तुम्ही तरी सांगा ना त्यांना. अण्णा असं करतील का?"

"मला काय विचारतीस?" तो म्हणाला. "बापाला विचार तुझ्या. किती घेतले ते पण विचार." आज त्यानं आवाज खाली आणला नाही. चार माणसांनी ऐकलं.

एस.टी.नं परत येताना अण्णा शेजारी बसले होते आणि मी त्यांच्याकडं चोरून बघत होते. कानामागं अजून गुलाल होता. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. तो जाडजूड माणूस नेमका अण्णांनाच कसा भेटला? नाव घेऊन कसा बोलला? मतदानाच्या आदल्या दिवशी अण्णा तालुक्याला कशाला गेले होते? सरकीचं पोतं आणायला असं म्हणाले होते, पण पोतं काही आलं नव्हतं. दुकान बंद होतं म्हणे.

घरी आई चुलीपुढं होती. आई राजकारणातलं कधी काही विचारायची नाही. अण्णा पार्टीच्या गप्पा मारायला लागले की ती भांडी आवरायला घ्यायची. त्या दिवशी मात्र ती उठून उभी राहिली.

"काय झालं?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय?" अण्णांनी टोपी खुंटीला मारली. "पडले बापूसाहेब. आन आपल्या गावानं पाडले. निम्मी मतं फुटली."

"किती?"

"निम्मी म्हणलं न्हवं! चारशेला सहा कमी छत्रीला."

"चारशे?" आईनं असं विचारलं की अण्णांनी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "पण आपल्या गावची म्हणून कशी कळली? मतं कालवत्यात न्हवं सगळी?"

"आता मशीन आलंय. मशीनमधी कालवत न्हाईत. ज्याचं त्याचं येगळं कळतंय."

आई उंबऱ्यावर बसली. भाकरी करपल्याचा वास यायला लागला, तरी ती उठली नाही, मीच जाऊन तवा उतरवला.

संध्याकाळी गावात नुसता धुरळा. चावडीपुढं माणसांची ही गर्दी. वरच्या आळीचे म्हणत खालच्या आळीनं घात केला, खालच्या आळीचे म्हणत वरच्या. सरपंच सर्जेराव जगदाळे सगळ्यात मोठ्या आवाजात बोलत होते. "माझ्या घरातली अकरा मतं हायेत, अकराच्या अकरा कपबशीला! माझ्या घरात माझ्या शब्दाबाहेर मांजर जात न्हाई!" एकेक घर घ्यायचं, त्या घराची मतं धरायची आणि बेरीज करायची, असं चाललं होतं. पण कसंही मोजा, प्रत्येक कर्ता शपथेवर सांगे की माझं घर फुटलं नाही. मग चारशे मतं आभाळातून पडली का? पाहुण्यारावळ्यांचा, जुन्या भांडणांचा, बांधाच्या वादाचा सगळा गाळ वर आला. आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडं वळायला लागल्या. घरोघर फिरला कोण? दिनकर. गुलाल लागला कुणाला? दिनकरला.

दूध घालायला येणारी माणसं त्या संध्याकाळी अण्णांशी बोलली नाहीत. एक जण तेवढा किटली ठेवताना म्हणाला, "गुलाल निघतो का रं साबणानं?" अण्णा दूध मापत राहिले. माझा जीव तुटत होता, आणि तरीही मनातली ती पाल काही गप्प बसत नव्हती.

सकाळी मी शेणकूट करायला गोठ्याकडं गेले तर आतून आईअण्णांचा हळू आवाज आला. मी दाराशीच थांबले.

"आता मी देवळात कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?" अण्णा म्हणत होते. "कुठल्या तोंडानं, सांग!"

आई काहीतरी बोलली, ते ऐकू आलं नाही. माझ्या हातातली पाटी दाराला लागली आणि दोघंही एकदम गप्प झाले. अण्णा बाहेर आले. डोळे लाल झाले होते. माझ्या शेजारून गेले, पण माझ्याकडं बघितलं नाही.

म्हणजे खरंच? माझ्या बापानं खरंच घात केला होता? लेकीचं लग्न तोंडावर असताना? मला रडायलाही आलं नाही, नुसता संताप आला. असं वाटलं, आत जाऊन आईला हलवून विचारावं की तुला कधीपासून ठाऊक होतं.

दहाच्या सुमारास बापूसाहेबांची जीप देवळापुढं थांबली. रणजित गाडी चालवत होता. सभामंडपात पुरुष बसले. बायका नेहमीप्रमाणं पायऱ्यांच्या खाली, पिंपळाच्या पारालगत उभ्या राहिल्या. अशा बैठकीला बायका कधी यायच्या नाहीत, पण त्या दिवशी घरटी एक तरी आली होती. मला वाटलं, तमाशा बघायला जमल्यात. मी आईशेजारी उभी होते, पलीकडं सुलीची आई तारामावशी.

बापूसाहेबांनी देवाला हात जोडले. "मला कुणावर राग काढायचा न्हाई," ते म्हणाले. "पडलो तर पडलो. पण घरात साप हाय का न्हाई, एवढं कळलं पायजे. ज्यानं त्यानं देवाला सांगावं."

सर्जेराव पहिले उठले. भंडाऱ्याच्या ताटलीतून मूठ भरली, कपाळाला लावली आणि घसा खाकरून म्हणाले, "खंडोबाची आण, माझ्या घरातलं एक मत जरी छत्रीला गेलं आसंल तर माझं वाटोळं होऊ दे." मग एकेक जण उठू लागला. तेच शब्द, तीच हळद. दूध घालणारे, टपरीवाला, माळकरी म्हातारे, सगळ्यांनी मुठी भरल्या. कुणाचाही आवाज कापला नाही. मी बघत होते. जो कोणी उचलत होता तो सुटत होता आणि उरलेला सगळा संशय एकाच माणसावर जाऊन बसत होता.

"दिनकरराव," बापूसाहेब म्हणाले.

अण्णा उठले. ताटलीपुढं जाऊन उभे राहिले. हात पुढं केला, आणि परत मागं घेतला.

"उचला की."

"न्हाई," अण्णा म्हणाले.

मंडपात एकदम कुजबूज उठली. सर्जेराव ओरडले, "बघा! बघा, मी काल काय म्हणालो!"

"का न्हाई उचलत?" बापूसाहेबांनी विचारलं.

"मी माझं मत कपबशीला दिलंय. हे मी देवापुढं सांगतो. पण घराचं सांगणार न्हाई. मागच्या बारीला मी घरात न इचारता मूठ उचलली. आता उचलली तर ती खोटी हुईल."

"म्हंजी काय?" रणजित मधेच उठला. "शब्द फिरवू नका. पैसं कुणाचं घेतलं ते सांगा."

बापूसाहेब उठून उभे राहिले. "मग सगळं मिटलं, दिनकरराव. सोयरीक मोडली. दूधबी उद्यापासनं दुसरा कुणीतरी घेईल." 

मी शेजारी आईचा हात धरायला गेले तर आई तिथं नव्हती.

ती पायऱ्या चढत होती. डोक्यावरचा पदर घट्ट धरून, एकेक पायरी, सभामंडपाकडं. तिथं बैठक चालू असताना बाई गेलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. पुरुष बाजूला सरकले, हटकायचंच विसरले. आई ताटलीपुढं गेली, वाकली आणि मूठ भरून उभी राहिली.

"शेवंता!" कुणीतरी दटावलं.

"म्या उचलते भंडारा," आई म्हणाली. तिचा आवाज खाली पारापर्यंत ऐकू येत होता. "माझ्या घरातलं एक मत छत्रीला गेलं. ते माझं. मालकांना ठावं नव्हतं, आज सकाळी त्यांनी इचारलं तवा सांगितलं. कुणी एक पै दिल्याली न्हाई. म्या मनानं दिलं."

"का दिलंस?" बापूसाहेबांचा आवाज चढला. "मी काय वाकडं केलं तुझं?"

"ते तुमच्या पुतण्याला इचारा."

रणजितनं मान खाली घातली. बापूसाहेबांनी त्याला विचारलंच नाही, नुसतं बघितलं, आणि त्यांना आधीपासून सगळं ठाऊक होतं हे तिथं बसलेल्या आंधळ्यालाही कळलं असतं.

"घरातली बाई ताब्यात ठेवता येत न्हाई आन गाव सांभाळायला निघालाय," सर्जेराव अण्णांना म्हणाले आणि दोघं-चौघं हसले.

आई त्यांच्याकडं वळली. "सरपंच, माझं एक मत झालं. ऱ्हायली तीनशे त्र्याण्णव. ती कुणाची, ते ज्यानं त्यानं आपापल्या घरी जाऊन इचारा."

हसणं जागच्या जागी थांबलं. सर्जेरावांनी खाली पाराकडं बघितलं. त्यांची बायको तिथंच उभी होती, नाकासमोर बघणारी, चार माणसांत कधी न बोलणारी बाई. तिनं नवऱ्याकडं सरळ बघितलं आणि पदर सावरून तशीच उभी राहिली. मग मंडपातला एकेक पुरुष खाली बघू लागला. खाली सगळ्या बायका, आणि एकीचीही मान खाली नव्हती. सर्जेराव हातातला भंडारा धोतराला पुसायला लागले.

बापूसाहेब जीपमध्ये जाऊन बसले. रणजितला गाडी चालू करायला दोनदा किल्ली फिरवावी लागली.

घरी आल्यावर मी आईवर तुटून पडले. आज आठवलं तरी मान खाली जाते असं बोलले. "माझं लग्न मोडलंस! तुला माझं सुख बघवलं नाही! एक मत, आणि त्यापायी..." मी काय काय बोलत होते आणि आई हातावरची हळद धूत होती. अण्णा जोत्यावर पाठ फिरवून बसले होते.

"सुली मामाकडं का गेली, ठावं हाय तुला?" आईनं विचारलं.

"चक्कर यायची तिला, म्हणून."

"चक्कर!" आईनं तांब्या आदळला. "शीतगृहात कॅन ठेवायला गेली तवा बाहेरनं दार लावून घेतलं त्यानं. तुझ्या रणजितनं. पोर त्याच्या हाताला चावून, काच फोडून सुटली. मनगट फाटलं तिचं. तारानं माझ्या मांडीवर डोकं ठिवून सांगितलं मला. आन गावातल्या पुरुषांनी काय केलं? बैठक घेतली. बापूसाहेब म्हणालं ड्रायव्हर होता, त्याला काढून टाकलाय. झालं, मिटलं. घराघरातल्या बायकांना कळलं, पोरींपर्यंत जाऊ दिलं न्हाई. पोरीला धाडली मामाकडं, आन दोन महिन्यांत तुला मागणी आली. सोयरीक झाली की गावाचं तोंड बंद!"

मला तिचं खोटं वाटलं नाही. वाटावं असं मला फार वाटत होतं, पण वाटलं नाही. सुपारीच्या दिवशी मी रणजितला त्याच्या हातावरच्या व्रणाबद्दल विचारलं होतं. कुत्रं चावलं, असं म्हणाला होता.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं न्हाई? पोरगा बरा न्हाई एवढंच म्हणलं, तर दोन दिस जेवली न्हाईस तू. आन ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, पुरावा काय."

जोत्यावरून आवाज आला. "म्हणालो खरा." अण्णा एवढंच बोलले. मग उठले, आत आले आणि माझ्यापुढं भिंतीला टेकून बसले. माझ्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी हात उचलला, पण तो मधेच राहिला. तो मीच ओढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि मग मला खरं रडू फुटलं.

बऱ्याच वेळानं मी डोळे पुसले आणि आईला विचारलं, "मग तुम्ही सगळ्या बायकांनी मिळून ठरवलं होतंत?"

"कुठलं गं!" आई म्हणाली. "कुणाला बोलायची छाती होती? तारालासुद्धा बोलले न्हाई म्या. बटन दाबलं आन खाली मान घालून घरी आले. मतं कालवल्यावर माझं एक कुठं दिसतंय, असं वाटलं. एवढ्या मोठ्या गावात मी एकटीच आसंन, असं वाटलं. काल ह्यांनी आकडा सांगितला, तवा उंबऱ्यावर बसले न्हवं का मी? चारशे! अगं, ह्या गावात बायकाच मुळात चारशे हायेत!"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग एकदम माझ्याकडं बघून म्हणाली, "आन तू गं? तुझं तर पहिलंच मत होतं. कुणाला दिलंस?"

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

"सांग की."

"कपबशीला," मी म्हणाले.

आई बघतच राहिली. मग तिला हसू यायला लागलं. आधी नुसते खांदे हलले, मग तोंडावर पदर, मग ती मला पोटाशी धरून इतकी हसली की अण्णाही गालातल्या गालात हसायला लागले. कालपासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

"आसू दे," तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "मी न्हाई कुणाला सांगत."